दुसरा ड्राफ्ट कोण वाचणार? कॉलेजातला ‘रायटिंग प्रोग्राम’ म्हणजे नक्की काय भानगड आहे

फेब्रुवारी-मार्चच्या दिवसांत दादर स्टेशनबाहेरच्या कुठल्याही झेरॉक्स-बाइंडिंगच्या दुकानात दहा मिनिटं उभं राहून बघा. टीवायच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या पोरांची रांग असते, कुणाच्या हातात पेनड्राइव्ह, कुणी व्हॉट्सॲपवर फाइल पाठवलेली, आणि सगळ्यांना ब्लॅकबुक उद्या सकाळी पाहिजे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ब्लॅकबुक म्हणजे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, काळ्या जाड पुठ्ठ्यात बांधलेला, वर सोनेरी अक्षरांत कॉलेजचं आणि आपलं नाव. मागे एकदा मी माझं काहीतरी स्पायरल करून घ्यायला उभी होते तर दुकानदार एका पोराला विचारतो, “ॲक्नॉलेजमेंट मागच्याचंच ठेवू का? नाव फक्त बदलतो.” पोरगा म्हणाला, हो ठेवा. म्हणजे आभारसुद्धा उसने!

मी हसले खरी, पण मीच बारा वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवलंय, अशा कित्येक ब्लॅकबुकांवर सह्या केल्यात, आणि खरं सांगायचं तर सगळी वाचलेली नाहीत. पोरांना हे माहीत असतं. कुणी वाचणारच नाही हे माहीत असताना स्वतःचे आभार स्वतः लिहायचे कष्ट कोण घेईल?

आता हा विषय काढायचं कारण म्हणजे चार वर्षांची डिग्री. महाराष्ट्रात नवीन शैक्षणिक धोरण ऑटोनॉमस कॉलेजांमध्ये २०२३-२४ पासून आणि बाकीच्या कॉलेजांमध्ये २०२४-२५ पासून लागू झालं, आणि यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात चौथ्या वर्षी ‘ऑनर्स विथ रिसर्च’ असा एक रस्ता आहे. पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के किंवा जास्त असले की तो घेता येतो, आणि त्यात १२ क्रेडिटचा रिसर्च प्रोजेक्ट असतो. म्हणजे वीस-एकवीस वर्षांच्या पोरापोरींनी संशोधन करून ते लिहायचंय. करतील ते. पण लिहायला शिकवणार कोण, हे कुणी बोलत नाहीये. आमच्या सोसायटीतली एक मुलगी तिचा प्रोजेक्ट घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काकू, जरा बघाल का? फक्त ग्रामर.” त्या ‘फक्त ग्रामर’वरून हा लेख.

आधी नाव समजून घेऊ

रायटिंग प्रोग्राम म्हणजे कॉलेजने किंवा युनिव्हर्सिटीने केलेली अशी सोय, की कुठल्याही शाखेचा विद्यार्थी आपल्या विषयाबद्दल विचार करून, दुसऱ्याला कळेल असं आणि पुराव्यासकट लिहायला शिकेल. यात काही नेमलेले वर्ग असतात, शिकवणारे लोक असतात, बहुतेक ठिकाणी एक रायटिंग सेंटर असतं, आणि हे सगळं जुळवून ठेवणारा एक प्रमुख असतो.

कथा-कविता शिकवणं हे वेगळं, त्याला क्रिएटिव्ह रायटिंग म्हणतात, त्याचा इथे संबंध नाही. एफवायबीकॉमला, म्हणजे बीकॉमच्या पहिल्या वर्षाला, बिझनेस कम्युनिकेशन असायचं, इंजिनीअरिंगला कम्युनिकेशन स्किल्स असतं, ते म्हणजे रायटिंग प्रोग्राम असंही नाही. तिथे तक्रारीचं पत्र कसं लिहायचं, बायोडेटा कसा करायचा याचे साचे शिकवतात, पोरं ते पाठ करतात आणि पेपरात उतरवतात. मी ते शिकवलंय, साच्यांना नावं ठेवत नाही, नोकरी लागताना उपयोगी पडतात. पण साचा भरणं म्हणजे लिहिणं नव्हे.

एकांकिका बसवता ना, तसंच

हे सगळं परदेशी थेर वाटत असेल तर मुंबईतल्याच कॉलेजांचं एक उदाहरण घेऊ. एकांकिका स्पर्धा जवळ आल्या की काय होतं? पोरं रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत कॉलेजात, तालीम चालू. एक प्रवेश दहा वेळा होतो. दिग्दर्शक खाली बसून बघतो आणि तालीम संपली की नोट्स देतो, तुझी एंट्री उशिरा होतेय, हे वाक्य मागे ऐकू येत नाही, इथे तू का थांबलास ते कळलं नाही. पास होऊन गेलेले सीनियर नोकरीवरून परस्पर येतात, वडापाव खात मागे बसतात आणि तेही दोन गोष्टी सांगतात. मग रंगीत तालीम, आणि मग प्रयोग.

आता हेच कॉलेज लिहिण्याच्या बाबतीत काय करतं बघा. तालीम नाहीच. पहिल्यांदा लिहिलं तोच प्रयोग, तोच सबमिट, त्यावर मार्क, विषय संपला. नोट्स नाहीत, आणि कधी ‘इम्प्रूव्ह’ असं लाल पेनाने लिहिलेलं मिळालंच तर तोपर्यंत सेमिस्टर संपलेलं असतं, सुधारून दाखवणार कुणाला?

रायटिंग प्रोग्राम म्हणजे लिखाणाची तालीम ठेवणं. विद्यार्थी पहिला ड्राफ्ट लिहितो, कुणीतरी तो वाचतं, मार्क न देता सांगतं की इथे मला कळलं नाही, इथे मला कंटाळा आला, हे तू म्हणतोयस याला आधार काय. तो परत लिहितो. मग मार्क. बाकी प्रोग्राममध्ये जे काही असतं, वर्ग, सेंटर, बजेट, मीटिंगा, ते सगळं या एका गोष्टीसाठी असतं, की दुसरा ड्राफ्ट वाचायला माणूस असला पाहिजे आणि त्या माणसाला वेळ असला पाहिजे.

हे सगळं आलं कुठून

थोडक्यात सांगते, कारण इतिहास लांबला की तुम्ही रील्स बघायला जाल. हार्वर्डने १८७४ मध्ये प्रवेशाच्या वेळी इंग्रजी लेखनाची परीक्षा घ्यायला सुरुवात केली आणि चांगल्या घरातली, महागड्या शाळांतली पोरं धडाधड नापास झाली. मग १८८५ च्या सुमारास पहिल्या वर्षाला लेखनाचा सक्तीचा कोर्स आला आणि हळूहळू अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेजांनी तो उचलला. म्हणजे ‘आजकालच्या पोरांना लिहिता येत नाही’ ही तक्रार दीडशे वर्षं जुनी आहे, मोबाइलच्या कितीतरी आधीची.

मला जास्त जवळची वाटते ती न्यूयॉर्कची गोष्ट. १९७० मध्ये तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीने शहरातल्या शाळेतून पास झालेल्या कुणालाही प्रवेश द्यायचं ठरवलं. घरातली कॉलेजात जाणारी पहिलीच पिढी, घरी वेगळी भाषा बोलणारी, कामं करून शिकणारी अशी हजारो पोरं वर्गात आली आणि प्राध्यापकांनी डोक्याला हात लावला. तिथे मिना शॉनेसी नावाच्या बाई होत्या. त्यांनी या मुलांचे प्रवेशाच्या वेळचे सुमारे ४,००० निबंध वाचून काढले आणि १९७७ मध्ये त्यावरचा अभ्यास छापला. त्यांचं म्हणणं साधं होतं, ही मुलं मठ्ठ नाहीत, या प्रकारच्या लिखाणात नवीन आहेत, आणि त्यांच्या चुकांना तर्क असतो. चूक का झाली हे शोधलं तर मुलगा काय विचार करत होता ते दिसतं.

मला हे वाचून आमच्या नॅकच्या, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेसाठी करायच्या, फायली आठवल्या. त्यात ‘स्लो लर्नर’ आणि ‘ॲडव्हान्स्ड लर्नर’ अशा याद्या करायच्या असायच्या, आणि मराठी माध्यमातून आलेली निम्मी पोरं आपोआप पहिल्या यादीत जायची. कुठून आली, याआधी किती लिहिलंय, काय वाचलंय, याचा कुठेच रकाना नव्हता.

‘ग्रामर पक्कं करा, बाकी येईल आपोआप’

हा आक्षेप मी आईवडलांकडून, प्रिन्सिपलांकडून, शेजाऱ्यांकडून, सगळ्यांकडून ऐकलाय. म्हणून जरा सविस्तर.

अमेरिकेतल्या इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय संस्थेने १९६३ मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा छापला होता. निष्कर्ष असा की व्याकरणाचे नियम वेगळे शिकवल्याने लिखाण सुधारण्यावर नगण्य परिणाम होतो, आणि त्यात लिहिण्याचा सराव करायचा वेळ जातो म्हणून नुकसानच व्हायची शक्यता. १९८६ मध्ये जॉर्ज हिलॉक्स यांनी पुन्हा असाच मोठा आढावा घेतला, तेव्हाही व्याकरणाची बाजू काही वर आली नाही. याचा अर्थ व्याकरण नको असा नाही. अर्थ इतकाच, की ऱ्हस्व-दीर्घाचे नियम घोकून कुणी लेखक झालेला नाही, ते लिहिता लिहिता, आपल्याच वाक्यात, गरज पडेल तिथे शिकायचं असतं.

‘फक्त ग्रामर’ म्हणणाऱ्या आमच्या सोसायटीतल्या त्या मुलीचा प्रोजेक्ट होता दादरच्या फुलमंडईतल्या विक्रेत्यांवर, यूपीआय आल्याने त्यांच्या धंद्यात काय बदललं असा. पहिलं वाक्य, “आजच्या आधुनिक युगात डिजिटल पेमेंटला अनन्यसाधारण महत्त्व प्राप्त झाले आहे.” आता बघा, यात व्याकरणाची एकही चूक नाही. शुद्धलेखन चोख. आणि वाक्यात काही म्हणजे काहीच नाही. शाळेच्या निबंधातून हे ‘अनन्यसाधारण महत्त्व’ आपल्या सगळ्यांच्या बोकांडी बसलंय, पाण्याला असतं, वृक्षांना असतं, वेळेला असतं, आता यूपीआयला.

मी विचारलं, “अगं पण तू गेली होतीस ना मंडईत? काय म्हणाल्या त्या बायका?”

ती म्हणाली, “एक मावशी म्हणाल्या की गिऱ्हाईक सगळं स्कॅन करतं, पण पहाटे माल घेताना घाऊकवाला कॅशच मागतो. मग पैसे खात्यात पडून आणि हातात काही नाही. त्या रोज बाजूच्या दुकानदाराला यूपीआय करतात आणि त्याच्याकडून कॅश घेतात, तो त्यातले थोडे कापून घेतो.”

मी म्हटलं, हे कुठे आहे प्रोजेक्टमध्ये? तर म्हणे, “ते बोलणं झालं ना काकू, ते प्रोजेक्टमध्ये कसं लिहायचं?”

म्हणजे सगळ्या प्रोजेक्टमधली एकमेव नवीन गोष्ट तिने स्वतः शोधली होती आणि स्वतःच बाहेर ठेवली होती. हे ग्रामर तपासून कधी कळलं असतं?

चालवायचा म्हणजे रोज नक्की काय करायचं

इथे खरी मेहनत आहे, आणि बाहेरून ती दिसत नाही. प्रोग्रामचा प्रमुख म्हणजे थोडासा दिग्दर्शक आणि बराचसा प्रॉडक्शन मॅनेजर.

पहिली डोकेदुखी, कुणाला कुठल्या वर्गात बसवायचं. परीक्षा घेऊन पोरांना वरच्या-खालच्या वर्गात टाकायची पद्धत जुनी आहे. मिशिगनमधल्या ग्रँड व्हॅली स्टेट युनिव्हर्सिटीने १९९० च्या दशकात वेगळं करून बघितलं, विद्यार्थ्यालाच माहिती दिली, तू आधी किती लिहिलंयस, काय वाचतोस याचा विचार कर आणि साधा वर्ग की जास्त मदतीचा वर्ग हे तूच ठरव. स्वतः निवडलेल्या वर्गात माणूस रुसून बसत नाही, हा त्यातला माझ्या मते मुख्य फायदा.

दुसरी डोकेदुखी तपासणी. १९६१ मध्ये पॉल डीडरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, ३०० निबंध, वेगवेगळ्या क्षेत्रांतले ५३ वाचक, आणि प्रत्येकाने प्रत्येक निबंधाला एक ते नऊ यातला ग्रेड द्यायचा. ९४ टक्के निबंधांना सात, आठ किंवा नऊच्या नऊ वेगवेगळे ग्रेड पडले! एकही निबंध असा नव्हता की ज्याला पाचपेक्षा कमी प्रकारचे ग्रेड मिळाले. म्हणजे तोच निबंध एका सरांकडे गेला तर पहिला आणि दुसऱ्या सरांकडे गेला तर शेवटून पहिला. म्हणून नीट चालणाऱ्या प्रोग्राममध्ये सेमिस्टरच्या सुरुवातीला सगळे शिक्षक एकत्र बसतात, तेच चार-पाच निबंध सगळे वाचतात, मार्क देतात आणि मग भांडतात, तू याला सहा का दिलेस, मी तर तीन दिले. अशी भांडणं दोन-तीनदा झाली की हात बऱ्यापैकी एकसारखा पडायला लागतो. आपल्याकडे पेपर तपासणीला मॉडरेटर असतो, पण तो शेवटी येतो, भांडण आधी व्हायला हवं.

तिसरं म्हणजे रायटिंग सेंटर. नावाला भुलू नका, ही एक खोली असते. विद्यार्थी अर्ध्या-पाऊण तासाची वेळ घेतो, आपला ड्राफ्ट घेऊन येतो आणि ट्यूटरच्या शेजारी बसतो. समोर नाही, शेजारी. बरेचदा मोठ्याने वाचतो, आणि वाचताना अर्ध्या चुका त्याच्या त्यालाच अडखळतात. ट्यूटरने पेन हातात घ्यायचं नाही असा बऱ्याच सेंटरमध्ये दंडक असतो, त्याने प्रश्न विचारायचे. आणि आधी मोठं बघायचं, मुद्दा काय, पुरावा कुठाय, क्रम बरोबर आहे का, मग शेवटी वेलांटी-उकार. जी भिंत पाडायची आहे तिला आधी रंग कोण लावतं? स्टीफन नॉर्थ यांनी १९८४ मध्ये मांडलेलं सूत्र या क्षेत्रातले लोक अजून सांगतात, की सेंटरचं काम लिखाण दुरुस्त करून देणं हे नाही, लिहिणारा सुधारणं हे आहे. ट्यूटर बहुतेक वेळा विद्यार्थीच असतात, त्यांना आधी प्रशिक्षण देतात. आपल्याकडेही हे अगदी अनोळखी राहिलेलं नाही, सोनिपतच्या अशोका युनिव्हर्सिटीत असं सेंटर आहे. आणि रेफरन्स कसे लिहायचे म्हणून आपली पोरं गूगल करून ज्या पानावर पोचतात, ते बऱ्याचदा अमेरिकेतल्या पर्ड्यू युनिव्हर्सिटीच्या रायटिंग लॅबचं असतं. ती लॅब १९७६ मध्ये सुरू झाली आणि १९९४ पासून इंटरनेटवर आहे, फुकट.

चौथं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लिहायला शिकवणं हे एकट्या भाषेच्या शिक्षकाचं काम नाही. केमिस्ट्रीचं जर्नल केमिस्ट्रीच्या सरांनाच वाचता येतं, त्यात कुठलं निरीक्षण आणि कुठला निष्कर्ष हे मला काय कळणार? १९७० च्या आसपास आयोवातल्या सेंट्रल कॉलेजात बार्बरा वॉल्वूर्ड यांनी वेगवेगळ्या विषयांच्या प्राध्यापकांना एकत्र बसवून, तुमच्या विषयात लिहायला कसं शिकवाल यावर बैठका घ्यायला सुरुवात केली, आणि ही पद्धत पुढे पसरली. प्रमुखाचं अर्धं आयुष्य अशा बैठकांत जातं, इतर विभागांच्या दारात उभं राहून “सर, तुमच्या असाइनमेंटचा प्रश्न जरा वेगळा विचारता येईल का” असं गोड बोलत. कारण ‘जीएसटीवर टीप लिहा’ असा प्रश्न दिला की कॉपी-पेस्टच येणार. ‘तुमच्या घराजवळच्या तीन दुकानदारांना जीएसटीचं विचारा आणि ते पुस्तकाशी जुळतं का लिहा’ असं दिलं तर निदान दुकानापर्यंत तरी जावं लागतं.

आणि हे करणाऱ्या माणसाकडे जबाबदारी भरपूर आणि अधिकार शून्य अशी अवस्था असते. अमेरिकेत या लोकांची वेगळी संघटना आहे, आणि १९९२ च्या त्यांच्या पोर्टलंड ठरावात हेच मागितलंय, की काम काय, अधिकार काय, बजेट किती हे आधी लेखी द्या. आपल्याकडे कुठल्याही कमिटीच्या कन्व्हेनरला विचारा, तो लगेच सही करेल त्या ठरावावर.

‘अहो, आमच्या वर्गात १२० पोरं आहेत’

बरोबर आहे. हा आक्षेप खरा आहे आणि याच्यावर गुळगुळीत उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

हिशेब करू. १२० विद्यार्थी, प्रत्येकाचा चार पानांचा ड्राफ्ट, एका ड्राफ्टला पंधरा मिनिटं. झाले ३० तास. दुसरा ड्राफ्टही वाचायचा तर ६०. हे एका असाइनमेंटचं, एका डिव्हिजनचं. म्हणूनच अमेरिकेतल्या लेखन-शिक्षकांच्या संघटनेने, १९४९ पासूनची आहे ती, म्हटलंय की लेखनाच्या वर्गात २० च्या वर विद्यार्थी नकोत, १५ असले तर उत्तम, आणि एका शिक्षकाकडे एका सत्रात ६० च्या वर नकोत. तिथेही हे सगळीकडे पाळलं जातं असं अजिबात नाही, लेखनाचे वर्ग तिथेही बरेचसे कंत्राटी शिक्षक आणि एमए-पीएचडी करणारे विद्यार्थीच घेतात.

आपल्याकडे तासिका तत्त्व म्हणजे सीएचबी. पैसे मिळतात वर्गात उभं राहिल्याचे, तासाप्रमाणे. घरी बसून ड्राफ्ट वाचला तो तास कुठल्याच रजिस्टरमध्ये नसतो. मी पहिली दोन वर्षं उत्साहाने वाचायचे, बोरिवली ते दादर ट्रेनमध्ये, बसायला मिळालं तर. मग कळलं की आपण फुकट काम करतोय आणि वर ‘या मॅडम पोरांना फार पिडतात’ अशी कीर्तीही होतेय. हळूहळू मीही सह्या करायला लागले. म्हणून मला वाटतं, ज्या कॉलेजला रायटिंग प्रोग्राम खरंच पाहिजे त्याने वर्कशॉप आणि फ्लेक्स यावर पैसे घालण्याआधी वाचण्याचा तास वर्कलोडमध्ये धरावा. तेवढं केलं तरी पुष्कळ.

आणि तोवर? काही गोष्टी जमतात, मी स्वतः करून बघितलेल्या. चार पानांऐवजी एकच परिच्छेद मागायचा. दोनशे शब्द वाचायला चार मिनिटं लागतात, १२० पोरांचे आठ तास, एका आठवड्यात होतात कसेबसे. एका परिच्छेदावर एकच शेरा द्यायचा, सगळ्या चुका दाखवायच्या नाहीत, पोरगं एका वेळी एकच गोष्ट सुधारतं. कुणाचा तरी ड्राफ्ट नाव काढून, आधी परवानगी घेऊन, वर्गात प्रोजेक्टरवर लावायचा आणि सगळ्यांनी मिळून नोट्स द्यायच्या. एकमेकांचं वाचायला लावायचं, पण ‘कसं वाटलं’ असं विचारलं की सगळे ‘छान’ म्हणतात, म्हणून प्रश्न नेमका द्यायचा, यातलं कुठलं वाक्य काढून टाकलं तरी चालेल? तेव्हा पोरं तुटून पडतात. आणि एकांकिकेला जसे सीनियर येतात तसे टीवायची पोरं एफवायच्या पोरांसाठी दुपारी दोन तास बसू शकतात, त्यांना दोन क्रेडिट द्या नाहीतर निदान चहा द्या. जागा नाही म्हणू नका, मुंबईत घरं लहान म्हणून गल्लोगल्ली अभ्यासिका चालतात, त्यांना जागा मिळते तर कॉलेजच्या लायब्ररीत चार खुर्च्या मिळतीलच.

मराठीत की इंग्रजीत?

दोन्हीत. नवीन आराखड्यात एईसी म्हणून भाषेचे विषय आहेत, म्हणजे क्षमता वाढवणारे कोर्स, पदवीभरात आठ क्रेडिट. त्या खोक्यात पुन्हा तेच पत्रलेखन-सारांशलेखन भरायचं की तालीम भरायची हे शेवटी अभ्यासमंडळावर आणि शिकवणाऱ्यावर आहे.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पण मराठीत अर्थशास्त्रावर सहा पानं सरळ लिहिणारी पोरं किती, हे विचारायला कुणी तयार नाही. माझा अनुभव असा, की ज्याला मराठीत मुद्दा मांडता येतो त्याचं इंग्रजी लवकर सुधारतं, उलटं क्वचित होतं. माझ्या वर्गात मी पहिला ड्राफ्ट कुठल्याही भाषेत चालेल म्हणायचे, मिंग्लिश चालेल, हिंदी चालेल, आधी म्हणायचंय काय ते कागदावर येऊ दे. घरच्या बोलीला चूक म्हणू नका असा ठराव अमेरिकेतल्या त्या लेखन-शिक्षकांच्या संघटनेने १९७४ मध्येच केलाय, त्यावरून तिथे अजून वाद होतात. आपल्याकडे ‘पाणी’ की ‘पानी’ यावर तर अख्खं वर्ष जातं.

‘आता चॅटजीपीटी आहे की’

३० नोव्हेंबर २०२२ ला ते आलं आणि त्यानंतर प्रत्येक स्टाफरूममध्ये एकच चर्चा, पकडायचं कसं.

पकडता येत नाही, निदान खात्रीने नाही. ज्या कंपनीने ते बनवलं तिनेच ओळखायचं एक टूल काढलं होतं, आणि ते नीट ओळखत नाही म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात टूल्स तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या लोकांनी स्वतः लिहिलेले ९१ निबंध दिले, तर सरासरी ६१ टक्के वेळा ही टूल्स म्हणाली, हे मशीनने लिहिलंय. कारण शब्दसंग्रह मर्यादित, वाक्यं साधी. म्हणजे परळच्या म्युनिसिपल शाळेतून आलेल्या पोरीने प्रामाणिकपणे लिहिलं तर तीच पकडली जायची शक्यता जास्त.

लिखाणातली उसनवारी, म्हणजे प्लेजियरिझम, मोजायच्या टक्क्यांचंही तसंच. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत प्रबंधांसाठी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, ६० च्या वर गेलं तर थेट नोंदणी रद्द. हाच दहाचा आकडा आता खाली डिग्रीपर्यंत झिरपलाय, आणि पोरांनी त्याचा अर्थ काढला, शब्द बदलत बदलत दहाच्या खाली आणा. तो सगळा वेळ ‘महत्त्व’च्या जागी ‘माहात्म्य’ लिहिण्यात जातो.

ज्या कॉलेजात फक्त शेवटचा कागद बघतात तिथे मशीन जिंकणारच. तालीम बघितलेली असेल, म्हणजे पहिला ड्राफ्ट, त्यावरची चर्चा, दुसऱ्यात काय बदललं, तर मशीनची मदत घेतली की नाही हा प्रश्नच बराचसा मागे पडतो. पाच मिनिटं शेजारी बसून “हे वाक्य का बदललंस?” विचारलं की कळतं. वाचणारा माणूस हवा आणि त्याला वेळ हवा, गाडी पुन्हा त्याच स्टेशनावर.

तिच्या प्रोजेक्टचं काय झालं

दहा दिवसांनी ती दुसरा ड्राफ्ट घेऊन आली. पहिलं वाक्य होतं, “दादरच्या मंडईत पहाटे चार वाजता यूपीआय चालत नाही.” मी ते दोनदा वाचलं. पुढे मावशी, बाजूचा दुकानदार, तो किती कापतो, सगळं आलं होतं, मध्ये दोन ठिकाणी घसरलं होतं आणि शेवटी ते ‘अनन्यसाधारण’ परत डोकं वर काढून बसलं होतं, पण ठीक.

तिच्या गाइडनेही यावेळी वाचलं होतं, समासात पेन्सिलने लिहिलेलं, “हे एकाच बाईचं आहे की सगळ्यांचं? किती जणांना विचारलंस?”

चांगला प्रश्न होता, मला सुचला नव्हता. ती जरा वैतागलेली, परत मंडईत जावं लागणार, तेही पहाटे, बाबा एकटीला सोडणार नाहीत. मग म्हणाली, “काकू, तुम्ही तसंही लवकर उठता ना?”